लग्न झालं, संसार कधी? जोडीदार व्हिसाचं गणित आणि सीमाभागातले कागद

बेळगाव, प्रतिनिधी :

तुळशीचं लग्न झालं की बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडपासून सावंतवाडी, पेडण्यापर्यंत मंगल कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात. या लग्नांपैकी काही लग्नांत नवरा मुलगा परदेशातून तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला असतो. साखरपुडा, हळद, लग्न, गोंधळ, देवदर्शन उरकून तो विमानात बसतो. नवरी मागे राहते. "दोन महिन्यांत बोलावून घेतो," असं सांगून गेलेला असतो आणि त्याच्या मनात खोट नसते. पण दोन महिन्यांचे सहा होतात, सहाचं वर्ष होतं. शेजारपाजारचे विचारायला लागतात, "अजून गेली नाही?" या प्रश्नाला घरच्यांकडे उत्तर नसतं, कारण अडलंय कुठे हेच नीट कळलेलं नसतं.

व्हिसा ऑफिसर प्रेम बघत नाही, असं म्हटलं जातं. ते पूर्ण खरं नाही. तो नातं बघतोच. पण त्याआधी तारीख बघतो, पगार बघतो आणि कागद बघतो. या तिघांतलं एक जरी चुकलं तर नातं कितीही खरं असो, अर्ज मागे येतो. तारीख आणि पगाराचा आकडा तिकडचं सरकार ठरवतं, त्यावर इथल्या माणसाचा काही इलाज नाही. तिसरी गोष्ट, म्हणजे कागद, ही मात्र आपल्या हातातली आहे. आणि नेमकं तिथेच सीमाभागातलं कुटुंब इतरांपेक्षा जास्त अडकतं.

या भागातून जोडीदारासाठी ब्रिटनचा अर्ज करणारे बरेच आहेत. त्यात गोव्याकडचे जास्त. म्हणून ब्रिटनचंच उदाहरण घेऊन हे गणित समजून घेणं बरं.

मुहूर्त इथला, तारीख लंडनची

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्याआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने तिथलं नागरिकत्व नोंदवता येतं. लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्या हजारो गोंयकारांनी युरोपियन युनियनच्या मुक्त संचाराच्या हक्कावर ब्रिटन गाठलं. स्विंडन शहरातली गोंयकारांची वस्ती तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्या काळात पोर्तुगीज पासपोर्टवाल्याला बायको नेताना पगाराची मर्यादा आडवी येत नव्हती.

ब्रेक्झिटनंतर हे बदललं. ३१ डिसेंबर २०२० ही रेघ ठरली. जो पोर्तुगीज नागरिक त्या दिवसाआधी ब्रिटनमध्ये राहायला लागला होता आणि ज्याचं नातंही त्या दिवसाआधीचं आहे, त्याच्या जोडीदाराला युरोपियन नागरिकांसाठीच्या सेटलमेंट योजनेतून जाता येतं. तिथे व्हिसाची फी नाही, आरोग्य अधिभार नाही, पगाराची अट नाही, इंग्रजीची परीक्षा नाही. पण ओळख आणि लग्न दोन्ही २०२१ नंतरचं असेल, तर तो दरवाजा बंद. मग ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला जो नियम, तोच हिलाही.

म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांची गोष्ट घ्या. दोघे २०१८ साली स्विंडनला गेले, दोघे एकाच गोदामात कामाला, दोघांचा पासपोर्ट तोच. थोरल्याचं लग्न २०१९ चं, धाकट्याचं २०२३ चं. थोरल्याची बायको फुकट गेली. धाकट्याच्या बायकोला लाखोंचा खर्च आणि पगाराची चाळण. दोघांच्या संसारात फरक फक्त तारखेचा.

अशा तारखा आणखी आहेत. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या शिकवणीच्या मास्टर्स कोर्ससाठी ब्रिटनला जाणाऱ्या विद्यार्थ्याला नवरा किंवा बायको बरोबर नेता येत नाही. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करच्या व्हिसावर नव्याने जाणाऱ्यांनाही कुटुंब नेण्याची सोय बंद झाली. वृद्धांची सेवा करायला म्हणून गेलेली बाई स्वतःचा नवरा आणि पोरं मागे ठेवून गेली, अशी ती व्यवस्था होती. आणि ११ एप्रिल २०२४ रोजी जोडीदार व्हिसासाठी पगाराचा आकडा एका झटक्यात वर गेला.

इथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे सगळ्यालाच "डिपेंडंट" म्हणतात. पण नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाच्या बायकोचा डिपेंडंट व्हिसा वेगळा आणि ब्रिटनमध्ये कायम स्थायिक झालेल्या माणसाच्या बायकोचा जोडीदार व्हिसा वेगळा. नियम वेगळे, फी वेगळी, पुढचा रस्ताही वेगळा. शेजारच्या मुलीला चार महिन्यांत मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

२९ हजार पौंडांचं गणित

जुलै २०१२ मध्ये ब्रिटनने ठरवलं की जोडीदाराला बोलावणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड हवं. बारा वर्षं तोच आकडा राहिला. ११ एप्रिल २०२४ पासून तो २९,००० झाला. पुढे ३८,७०० पर्यंत न्यायचा आधीच्या सरकारचा बेत होता. नव्या सरकारने तो थांबवून तज्ज्ञ समितीकडे विषय सोपवला. जून २०२५ च्या अहवालात समितीने कुटुंबांना ३८,७०० चा आकडा लावू नये असं सांगितलं आणि २३,००० ते २५,००० हाही एक पर्याय मांडला. तरी २०२५ संपेपर्यंत २९,००० हाच आकडा लागू राहिला. ज्यांना ११ एप्रिल २०२४ च्या आधी अर्ज करून व्हिसा मिळाला, त्यांना त्याच जोडीदारासोबत मुदत वाढवताना जुनाच आकडा लागतो. पुन्हा तारीखच.

आता हा आकडा गोदामात, हॉटेलात, कारखान्यात काम करणाऱ्याच्या पगाराशी ताडून बघू. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये प्रौढांसाठी किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे २,०८० तास. गुणाकार केला की २५,३९७ पौंड येतात. म्हणजे त्या दराने वर्षभर एकही तास न चुकवता पूर्णवेळ काम करणारा माणूस कायद्याने ठरलेला किमान पगार घेऊन ३,६०३ पौंडांनी कमी पडत होता. २९,००० गाठायला त्याला आठवड्याला जवळजवळ ४६ तास काम लागत होतं. एका बाजूला सरकार म्हणतं की हा पगार जगायला पुरेसा आहे. दुसऱ्या बाजूला तेच सरकार म्हणतं की या पगारात बायको आणता येणार नाही.

पगार कसा मोजतात, हेही कळलं पाहिजे. एकाच मालकाकडे सहा महिने ठरलेल्या पगारावर असेल तर त्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी पगार धरून वर्षाचा हिशेब होतो. एक महिना बिनपगारी रजा घेऊन लग्नाला आला असेल तर तोच महिना आडवा येऊ शकतो. तासावर काम करणाऱ्याची सहा महिन्यांची सरासरी काढतात. पगाराची स्लिप आणि बँकेत जमा झालेली रक्कम जुळली पाहिजे. हातात रोख मिळालेला आणि बँकेत न भरलेला पैसा मोजला जात नाही.

पगार कमी पडला तर बचत दाखवता येते. त्याचं सूत्र असं : जेवढा पगार कमी त्याची अडीचपट, अधिक १६,००० पौंड. वरच्या उदाहरणात ३,६०३ ची अडीचपट ९,००७ आणि त्यात १६,०००, म्हणजे सुमारे २५,००८ पौंड. पौंड ११५ रुपयांना धरला तर जवळजवळ २९ लाख रुपये. पगार अजिबातच नसेल तर ८८,५०० पौंड, म्हणजे एक कोटीच्या वर. ही रक्कम नवरा-बायकोच्या नावावर किमान सहा महिने पडून असावी लागते. वडिलांनी बक्षीस म्हणून दिलेली चालते, पण तीही सहा महिने खात्यात हवी. कर्ज काढून भरलेली चालत नाही. अर्ज करायच्या आदल्या महिन्यात पाहुण्यांकडून गोळा करून खात्यात टाकलेले पैसे म्हणजे नकाराला आमंत्रण.

यावर फी वेगळी. एप्रिल २०२५ च्या दराने बाहेरून अर्ज करायला १,९३८ पौंड. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, त्याचा अधिभार ३,१०५ पौंड. दोन्ही मिळून ५,०४३ पौंड, म्हणजे सुमारे पावणेसहा ते सहा लाख रुपये. इंग्रजीची परीक्षा, टीबीची तपासणी, भाषांतर, प्रवास हे त्याशिवाय. नकार आला तर अधिभार परत मिळतो, अर्जाची फी बुडते. आणि हे एकदाच नाही. ३३ महिन्यांनंतर मुदतवाढीचा अर्ज, पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज, प्रत्येक वेळी नवी फी आणि इंग्रजीची एकेक पायरी वर.

बायकोचा पगार शून्य

सगळ्यात टोचणारी गोष्ट पुढची. पहिला अर्ज बाहेरून करताना उत्पन्न मोजतात ते ब्रिटनमध्ये बसलेल्या जोडीदाराचं. इथल्या जोडीदाराचा पगार धरत नाहीत. मुलगी बेळगावात कॉलेजात प्राध्यापक असो, पुण्यात आयटीत असो, हैदराबादला बँकेत अधिकारी असो, तिची कमाई हिशेबात शून्य. तिकडे गेल्यावर जोडीदार व्हिसावर तिला नोकरी करता येते, पण "ती गेल्यावर कमावेल" हे कारण चालत नाही. इथली बचत चालते, इथला पगार चालत नाही. सासरे हमी घ्यायला तयार असले तरी साधारणपणे तिसऱ्याची हमी धरत नाहीत.

हा नियम उलट बाजूनेही लागतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मुलगी नवऱ्याला इथून नेऊ पाहते, तेव्हा तिचा पगार मोजतात. बाळंतपणासाठी कमी तास काम केलेली किंवा पार्टटाइम करणारी बाई तिथे हमखास मागे पडते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पगाराची मर्यादा तत्त्वतः कायदेशीर ठरवली. पण मुलांच्या हिताचा विचार नियमांत पुरेसा झालेला नाही, असंही सुनावलं. तेव्हापासून लहान मूल गुंतलेलं असेल तर अपवादाचा विचार होतो. पण अपवाद मागायलाही वकील लागतो आणि वेळ लागतो.

सगळेच देश असं वागत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत बायकोला बोलवायला महिना ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायची जागा, एवढी अट आहे. अमेरिकेचा नागरिक बायकोला बोलावतो तेव्हा त्याचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट लागतं, आणि कमी पडलं तर तिथला दुसरा कुणी सहहमीदार म्हणून सही करू शकतो. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला मात्र वार्षिक कोट्याच्या रांगेत थांबावं लागतं. इंदूर, वडोदऱ्याच्या मराठी घरांना ही रांग परिचयाची आहे.

आणि सगळ्यात विचार करायला लावणारी तुलना तर शेजारच्याच बेटावरची. तोच पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन माणूस स्विंडनऐवजी आयर्लंडमध्ये डब्लिनला नोकरीला असेल, तर युरोपियन युनियनच्या २००४ च्या निर्देशानुसार त्याच्या बायकोला बरोबर राहण्याचा हक्क आहे. तिच्या प्रवेश व्हिसाला फी नाही आणि नोकरी करणाऱ्या नवऱ्यावर किमान पगाराचा आकडा लादलेला नाही. माणूस तोच, बायको तीच, पासपोर्ट तोच. मधे फक्त समुद्राची एक पट्टी.

तिसरी अडचण आपल्याच घरची

तारीख आणि पगार तिकडचे. कागद मात्र इथले. आणि सीमाभागातल्या माणसाचा एक जन्म तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेला असतो.

समजा, खानापूर तालुक्यातल्या मुलीचं म्हापशाच्या मुलाशी लग्न झालं. अशी सोयरीक या भागात जुनीच. मुलीचा जन्मदाखला कन्नडमधला, शाळा मराठी माध्यमाची, कॉलेज बेळगावात इंग्रजीतून. जन्मदाखल्यावर नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव नाही. टीसीवर आडनाव आहे, पण इंग्रजी स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं. येळ्ळूरकरमध्ये एका कागदावर एक "एल", दुसऱ्यावर दोन. दीपालीत एकदा "आय", एकदा डबल "ई". जन्मस्थळ जुन्या कागदावर बेलगाम, नव्यावर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव बदललं. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव घातलं, पासपोर्टवर माहेरचंच राहिलं. इथल्या माणसाला हे सगळं एकच आहे हे डोळे मिटून कळतं. हजारो मैलांवर बसून कागद बघणाऱ्याला त्यात दोन-तीन वेगळ्या बायका दिसतात.

मुलाकडेही गुंता असतो. पोर्तुगीज नोंदीत आडनाव जुन्या पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेलं, इथल्या शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी पद्धतीने. त्याहून मोठी चूक लग्नाच्या नोंदणीत होते. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. तरी घाईत जुनं मतदार ओळखपत्र पुढे केलं जातं आणि लग्नाच्या दाखल्यावर नवरा भारतीय म्हणून लागतो. व्हिसाच्या अर्जात मात्र तो पोर्तुगीज. हा विरोधाभास नंतर निस्तरणं फार जड जातं. जो पासपोर्ट खरा, तोच नोंदणीला दाखवावा.

लग्नाची तारीख हीही एक भानगड. गोव्यात नागरी कायद्याप्रमाणे सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी इरादा नोंदवायचा आणि ठरलेल्या मुदतीनंतर दुसरी सही करायची. ती दुसरी सही झाली की कायद्याने लग्न. बेळगावात किंवा चंदगडात सप्तपदी झाल्यावर हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी होते आणि तारीख विधीची लागते. दोन्हीकडे दोन दिवस असतील तर अर्जात एक तारीख, फोटोत दुसरी, निमंत्रण पत्रिकेवर तिसरी, असं होऊन बसतं. धर्म वेगळे असतील तर विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते, आणि त्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य लागतं. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही, हे लग्न ठरवतानाच कळायला हवं.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्येच सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं. तरी आपल्याकडे "व्हिसाच्या वेळी बघू" ही सवय गेलेली नाही. मग मुलगा परत गेल्यावर नोंदणी आठवते आणि त्याच्या सहीसाठी पुन्हा एक विमान तिकीट काढावं लागतं.

भाषांतर हा शेवटचा खर्च आणि सगळ्यात दुर्लक्षित. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो. कन्नड दाखला, मराठी निमंत्रण पत्रिका, पोर्तुगीज जन्मनोंद, एका फाइलमध्ये तीन भाषा. तीन वेगळ्या माणसांकडून करून घेतलं की नावाची आणखी तीन स्पेलिंगं तयार होतात.

मागे राहिलेलीचं काय

या सगळ्यात पैसा आणि कागद मोजले जातात. मागे राहिलेल्या माणसाचा वेळ कुणी मोजत नाही. नवरी नोकरी सोडून बसलेली असते, कारण "आता जायचंच आहे". नवी नोकरी घ्यावी तर मधेच सोडावी लागेल, मूल होऊ द्यावं तर बाप व्हिडिओ कॉलवर. माहेरी राहिली तर बोलणी, सासरी राहिली तर नवऱ्याशिवाय सासर. निर्णयाला नेहमीच्या अर्जात १२ आठवड्यांचं उद्दिष्ट असतं, पण पगाराचे सहा महिने, बचतीचे सहा महिने आणि कागद दुरुस्तीचे महिने त्याच्या आधीच गेलेले असतात.

एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. सगळेच नवरे अडलेले नसतात. काहींना बोलवायचंच नसतं आणि व्हिसाचं निमित्त चांगलं पुरतं. अनिवासी भारतीयांच्या लग्नांची ३० दिवसांत नोंदणी सक्तीची करणारं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. त्याचा कायदा झाला नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात यासाठी सर्वंकष कायदा करा असं पुन्हा सुचवलं. तोवर मुलीच्या घरच्यांनी मुलाचा पासपोर्ट, तिथला व्हिसाचा दर्जा आणि पगाराच्या स्लिपा लग्नाआधी बघणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पत्रिका बघतो, मग स्लिप का नको? ज्याला खरंच न्यायचं आहे तो दाखवतो. आणि तिकडे गेल्यावर छळ झाला तर व्हिसा नवऱ्यावर अवलंबून आहे म्हणून गप्प बसायची गरज नाही. ब्रिटनच्या नियमांत अशा जोडीदाराला स्वतंत्रपणे वास्तव्याचा अर्ज करता येतो.

एजंटांबद्दलही एक शब्द. नोकरीसाठी परदेशात पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याने नोंदणी लागते. जोडीदार व्हिसाची फाइल भरून देणारा त्यात येत नाही. म्हणून "शंभर टक्के गॅरंटी" सांगून लाख-दीड लाख घेणाऱ्याला विचारणारं कुणी नाही. त्याने खोटी स्लिप जोडली तरी अर्जावर सही नवरीची असते, आणि नकाराचा प्रश्न पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्ममध्ये तिलाच विचारला जातो.

हातात आहे ते

लंडनचा आकडा बेळगावातून बदलत नाही. पण कागद बदलता येतात, आणि ते लग्नाच्या आधी.

पहिलं, पासपोर्टवरचं नाव हेच मूळ धरावं आणि जन्मदाखला, टीसी, आधार त्याच्याशी जुळवून घ्यावेत. जन्मनोंदीतली चूक दुरुस्त करायचा अधिकार १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकाला आहे. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडीला ठेवावं, पण दुरुस्तीऐवजी नको. आधारवर सासरचं नाव घालायची घाई करू नये. पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवून व्हिसा मिळतो.

दुसरं, रजा ठरवताना नोंदणीचा दिवस आधी ठरवावा, मग हॉलचा. पगारी रजाच घ्यावी. बचत दाखवायची असेल तर लग्नाच्या सहा महिने आधी खात्यात टाकावी. दागिन्यांना आणि जेवणावळीला जाणारा पैसा थोडा इकडे वळला तर पुढचं वर्ष वाचतं.

तिसरं, नात्याचे पुरावे सांभाळावेत. ठरवून केलेलं लग्न हे काही नकाराचं कारण नाही. पण भेटींची तिकिटं, साखरपुड्यापासूनचे फोटो, नियमित बोलण्याची नोंद, पाठवलेले पैसे हे दिसलं पाहिजे. नकार आलाच तर बाहेरून अपील करायला २८ दिवस असतात. ते नशिबाला दोष देण्यात घालवू नयेत.

चौथं काम सरकारांचं. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा सीमेवरून कितीही भांडोत, त्यांच्या माणसांची लग्नं सीमा ओलांडून होतात. जुना जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला मागताक्षणी इंग्रजीतही मिळाला, आणि स्पेलिंग अर्जदाराच्या पासपोर्टप्रमाणे लावून मिळालं, तर अर्धी धावपळ थांबेल. त्यासाठी नवा कायदा नको, आयोग नको. तहसीलदार, नगरपालिका आणि सब-रजिस्ट्रार ऑफिसला एक परिपत्रक पुरेसं आहे. सीमाप्रश्नाच्या सभांत भाषेचा मुद्दा दरवर्षी येतो. कन्नड दाखला मराठी मुलीच्या हातात आणि इंग्रजी भाषांतर लंडनच्या टेबलावर, हाही भाषेचाच प्रश्न आहे. तो कुणी व्यासपीठावर मांडत नाही.

या हंगामातही लग्नं होतील आणि मुलं परत जातील. मागे राहणाऱ्या मुलीने निदान एवढी खात्री करून घ्यावी की तिची फाइल तयार आहे, तिच्यातलं प्रत्येक नाव एकाच स्पेलिंगमध्ये आहे आणि लग्नाची तारीख सगळीकडे तीच आहे. मग शेजारीण "अजून गेली नाही?" म्हणाली, तर नेमकं काय बाकी आहे ते तरी सांगता येईल.